बकासुराचा तिसरा पाव

जहाजं बांधायच्या आमच्या यार्डात सगळ्यात उंच क्रेन माझे भाऊजी चालवायचे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे मिस्टर. ते वर काचेच्या केबिनमध्ये, मी खाली धक्क्यावर वॉकीटॉकी घेऊन उभा. डावीकडे घ्या, सोडा, थांबा, अजून वीतभर खाली, असं मी सांगायचं आणि त्यांनी अख्खं इंजिन जहाजाच्या पोटात अलगद उतरवायचं, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं.

पण त्यांचं नाव झालं होतं ते क्रेनमुळे नव्हे, पोटामुळे. यार्डात त्यांना सगळे बकासुर म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्यांनाही ते मनापासून आवडायचं. सकाळी वर नेलेला डबा दुपारच्या आत फस्त. मग खाली येऊन खानावळीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यांची आणि ताईची पहिली भेट मीच घडवून आणली होती. घरी आल्यावर मी विचारलं, "कसा वाटला माणूस?" ताई म्हणाली, "चांगला वाटला. माझ्या ताटातलंही खाऊन गेला, पण विचारून खाल्लं." आणि तिने होकार दिला.

एवढं खाणाऱ्या माणसाच्या छातीत जळजळ व्हायचीच. भाऊजींच्या शर्टाच्या खिशात ॲसिडिटीच्या चघळायच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. पेन नसेल, पण पट्टी असेल. कोणी काही बोललं की म्हणायचे, "इंजिन म्हटलं की तापणारच." कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं, त्यामुळे आम्हा कोणाला त्यात काही वावगं दिसेनासं झालं होतं.

यार्डात दरवर्षी खेळांचा दिवस असतो. धावणं, रस्सीखेच, आणि शेवटी ज्यासाठी सगळे थांबतात ती पाव खायची स्पर्धा. साधे कोरडे पाव, बरोबर काही नाही, पाणी शेवटचा घास संपल्यावरच. ही स्पर्धा म्हणजे भाऊजींची खाजगी मालमत्ता होती. दुसरं कोण येणार यावरच काय ती चुरस. त्या वर्षी त्यांच्या शेजारी बसला होता आमचा वेल्डर. काटकुळा, मितभाषी माणूस. तो कोणाच्या तरी पैजेखातर बसला होता.

शिट्टी वाजली. भाऊजींचा पहिला पाव नेहमीसारखा गडप. लोकांनी टेबलं बडवायला सुरुवात केली. "ब-का-सुर! ब-का-सुर!" दुसऱ्याला जरा वेळ लागला. तिसऱ्याचा मोठा घास त्यांनी तोंडात कोंबला आणि ते थांबले. नुसते थांबले. हात टेबलावर, डोळे ताठ. मग एकदम उठले, छातीच्या हाडावर मूठ दाबून धरली आणि नळाकडे धावले. तिथे वाकून जे गिळलं होतं ते तसंच्या तसं बाहेर आलं.

सगळं मैदान खदखदून हसलं. "बकासुराला पाव अडला!" भाऊजी तोंड पुसत, डोळ्यांतलं पाणी पुसत परत आले आणि स्वतःही हसले. "घाई केली, दुसरं काय!" वेल्डरने शांतपणे आपला चौथा पाव संपवला आणि तो जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, व्यवस्थापकांनी कप पुढे केला.

वेल्डरने कप घेतला नाही. खांद्यांवरून उतरला, सरळ भाऊजींसमोर येऊन उभा राहिला.

"हे कधीपासून होतंय?"

"काय कधीपासून?"

"अडणं."

"अरे, आज झालं. तू जिंकलास, आता मजा कर की!"

"माझ्या वडिलांना असंच व्हायचं," वेल्डर म्हणाला. "आधी पाव अडायचा, मग सगळंच अडायला लागलं. तेही म्हणायचे, घाई केली. आम्ही डॉक्टरांकडे गेलो तेव्हा फार उशीर झाला होता. दुर्बिणीने तपासून या. तुम्ही तपासून येत नाही तोवर हा कप मला नको."

मैदानात हसणं चालूच होतं, पण आमच्या भोवतीची चार-सहा माणसं जवळ सरकली. या माणसाला वर्षभरात एवढं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं.

मी घरी जाऊन ताईला सांगितलं. वाटलं होतं ती दचकेल. पण ती म्हणाली, "तुला आज कळलं? गेले दोन महिने प्रत्येक घासाला पाणी पितायत. पाव चहात बुडवल्याशिवाय खात नाहीत. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलंय आणि मला सांगतात, पट्टा सैल झाला!" मग स्वयंपाकघराच्या दारातून ती आतल्या खोलीकडे बघून ओरडली, "ऐकताय ना? उद्या सकाळी आपण डॉक्टरांकडे जातोय. मी विचारत नाहीये, सांगतेय!"

आतून उत्तर आलं, "वेल्डर परवडला."

गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. घट्ट पदार्थ अडतात का? वजन उतरलं का? दोन्हीचं उत्तर हो आलं तसं त्यांनी गोळी वगैरे काही न देता मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठीच लिहिली. "या वयात गिळायला त्रास होतोय म्हटल्यावर आधी आत बघायचं, मग औषध."

आत बघणाऱ्या डॉक्टरीणबाई बुटक्या होत्या आणि भलत्याच उत्साही. भाऊजींच्या घशात बधिर करायचा फवारा मारला, त्यांना डाव्या कुशीवर झोपवलं, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी दिली आणि काळी लवचिक नळी आत सोडली. नळीच्या टोकाला कॅमेरा. आम्ही बाहेर. थोड्या वेळाने बाईंनी ताईला आणि मला आत बोलावलं आणि पडद्यावर चित्रं दाखवली.

"ही अन्ननलिका, म्हणजे घशापासून पोटापर्यंतचा रस्ता. वरचा भाग बघा, फिकट, गुळगुळीत. असाच हवा. आता खाली या. इथे रंग बदलला. पोटातलं ॲसिड वर्षानुवर्षं वर येत राहिलं, त्याने आतलं अस्तरच बदलून गेलंय. आणि इथे, पोटाच्या तोंडाशी, ही गाठ."

भाऊजी अजून बधिर जिभेने बोलत होते. "रस्ता बंद?"

"अर्धा खोदलाय. अर्ध्यावरून वाहतूक चालू आहे."

भाऊजींना हे फारच आवडलं, ते हसायलाच लागले. बाई मात्र हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून बसल्या. "गाठीचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवलेत. अहवाल आल्यावर नक्की सांगेन. पण मी तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. मला हा कॅन्सर वाटतोय."

मी खाली बघितलं. ताईने भाऊजींचा हात धरला नाही की रडली नाही. तिने विचारलं, "पुढे काय करायचं?"

"वा!" बाई म्हणाल्या. "हा प्रश्न मला आवडला."

अहवालात कॅन्सरच निघाला. मग कळायला हवं होतं की तो किती पसरलाय. स्कॅन झाला. आणखी एक दुर्बीण झाली, ती आवाजाच्या लहरींनी गाठ भिंतीत किती खोल गेलीय ते मोजणारी. त्या आठवड्यात यार्डात माझं लक्ष नव्हतं. दुसरी क्रेन चालवणाऱ्याला मी एकदा डावीकडे म्हणायच्या ऐवजी उजवीकडे म्हटलं आणि लोखंडी प्लेट कोणाच्या डोक्यावरून जायच्या आत कसंबसं स्वतःला सावरलं.

निकालाच्या दिवशी सर्जन समोर बसले. उंच, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी प्रस्तावना केलीच नाही.

"यकृत साफ. फुप्फुसं साफ. गाठ अन्ननलिकेच्या भिंतीत शिरलीय, कॅन्सर पसरताना आधी जिथे जातो, ती शेजारची एक लसिकाग्रंथी संशयास्पद आहे. लांब कुठेही गेलेलं नाही."

"म्हणजे काढता येईल?" ताईचा आवाज एकदम वर चढला.

"काढायचीच आहे! आधी केमो, गाठ आकसवायला. मग ऑपरेशन. मग उरलेला केमो. सोपं नाही, सांगून ठेवतो. पण आपण बरं करण्यासाठी लढतोय, नुसतं सुसह्य करण्यासाठी नाही."

ताई इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली, आणि तीही हसत. भाऊजी उठले आणि टेबलाला वळसा घालून त्यांनी सर्जनला मिठीच मारली. सर्जनचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. सावरून त्यांनी विचारलं, "दम कसा आहे तुमचा? जिने चढता?"

"क्रेनची शिडी चढतो. रोज."

"लिफ्ट नाही?"

"आहे. पण ती आमच्या लग्नाआधीपासून दुरुस्त होतेय."

"मग ती दुरुस्त करणाऱ्यांचे आभार माना," सर्जन म्हणाले. "या ऑपरेशनला फुप्फुसं दणकट लागतात. केमो चालू असतानाही चालणं सोडायचं नाही."

केमोने भाऊजींना जमिनीवर आणलं, हे खरं. केस गेले, भुवया गेल्या. ताई म्हणाली, "उकडलेल्या अंड्यासारखे दिसताय." ते म्हणाले, "नाव काढू नकोस, अंडं खावंसं वाटतंय." एका औषधाने थंड वस्तूला हात लावला की बोटांत मुंग्या यायच्या, शॉक बसल्यासारखं व्हायचं. फ्रिजचं दार उघडायला ते हातमोजे घालायचे. पाणीसुद्धा कोमट. जेवण म्हणजे गाळलेलं सूप आणि दूध. बकासुर वाटी घेऊन बसलेला बघवायचं नाही.

दुसरी फेरी झाल्यावर एका सकाळी मी धक्क्यावर असताना माझा फोन वाजला. पलीकडून भाऊजी ओरडत होते, "मेव्हणे! गेला! गेला!"

मी ओरडलो, "कोण गेलं?"

"पाव! पाव गेला खाली! कोरडा! चहात न बुडवता! तुझ्या ताईला विचार, ती समोर उभी आहे!"

मागून ताईचा आवाज, "खरंच गेला रे! मी बघितला!" जणू तिला तो छातीतून उतरताना दिसला होता. गाठ आकसत होती. मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं सांगितलं, "बकासुराने पाव खाल्ला!" तीन जहाजांवरून, रंगकाम करणाऱ्यांच्या फळ्यांवरून, कुठून कुठून आरोळ्या उठल्या. कोणीतरी भोंगा वाजवला. त्याबद्दल मला नंतर बोलणी बसली, पण ती बसतच असतात.

त्याच दिवशी संध्याकाळी वेल्डर भाऊजींना भेटायला घरी आला. तो दर आठवड्याला यायचा, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा, चहा प्यायचा आणि जायचा. त्या दिवशी भाऊजींच्या अंगात उत्साह होता. त्यांनी त्याला न्याहाळलं.

"तुझ्या वडिलांना हाच रोग होता. तू कधी तपासून घेतलंस?"

वेल्डर कपात बघत राहिला.

"छातीत जळजळतं?"

"अधूनमधून."

"अधूनमधून म्हणजे रोज?"

भाऊजी आरामखुर्चीतून उठले. टक्कल, हातमोजे, अंगावर लोंबणारा सदरा, पण आवाज असा की शेजारच्यांनी खिडकी उघडली. "वा रे शहाण्या! मला मैदानात सगळ्यांसमोर ढकलतोस आणि स्वतः घाबरून बसतोस? ऐक. तू नळी घालून येत नाहीस तोवर मी ऑपरेशनला जाणार नाही. पलंगाला धरून बसेन."

"असं कुठं असतं का?" वेल्डर पुटपुटला.

"तूच शिकवलंस असं असतं ते!"

ताई मध्ये पडली नाही. ती दारात उभी राहून, पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी मी त्याला घेऊन गेलो. त्याच बुटक्या डॉक्टरीणबाई, तोच फवारा. वेल्डरने माझं मनगट असं आवळलं होतं की दोन दिवस वळ राहिला. गाठ नव्हती. पण खालच्या भागात अस्तराचा रंग बदलायला लागला होता. कॅन्सर नव्हे, त्याच्या आधीची पायरी. बाईंनी तुकडे घेतले, ॲसिड कमी करायचं औषध रोज घ्यायला सांगितलं, सिगारेट बंद करायला सांगितली आणि ठरलेल्या वेळी पुन्हा दुर्बिणीला बोलावलं. "काही वाढलंच तर नळीतूनच उपचार करता येतील," त्या म्हणाल्या. "असे लवकर या हो सगळे! मला फार आनंद होतो." बाहेर येऊन वेल्डर पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. मग त्याने मला विचारलं, "आता तुमच्या भाऊजींपुढे तोंड उघडायची सोय राहिली नाही, नाही का? ते आयुष्यभर ऐकवणार."

"आयुष्यभर ऐकवू देत," मी म्हणालो. "आपल्याला तेच हवंय."

ऑपरेशनचा दिवस लांबच लांब होता. ताई, मी आणि वेल्डर बाकावर. छातीतून आणि पोटातून, दोन्हीकडून काम होतं. अन्ननलिकेचा आजारी भाग आणि त्याच्या आसपासच्या ग्रंथी काढायच्या, उरलेल्या पोटाची नळी करायची, ती छातीत वर ओढायची आणि वरच्या चांगल्या भागाला शिवायची. सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं होतं, तरी ताई राहून राहून विचारत होती, "म्हणजे पोट छातीत येणार? मग छाती कुठे जाणार?"

सर्जन बाहेर आले तेव्हा चष्मा पुन्हा कपाळावर होता. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली केला आणि आम्हाला आधी त्यांचं हसूच दिसलं. "निघाली. पूर्ण निघाली."

वेल्डर आणि मी एकमेकांच्या गळ्यात पडलो. ताई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. परिचारिकेने पाणी आणलं तर तिने ते प्यायच्या ऐवजी तोंडावर मारलं.

पुढचे दिवस मात्र सरळ गेले नाहीत. दुसऱ्याच दिवशी नळ्या-बाटल्यांसकट त्यांना उभं करून चालवलं. ते तोंडाने मोजके आणि शेलके शब्द बोलत चालले. मग ताप आला, एका फुप्फुसात कफ साचला, ऑक्सिजन वाढवावा लागला. सर्जन दिवसातून तीनदा यायला लागले, तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं. श्वास ओढून प्लॅस्टिकच्या डबीतले तीन चेंडू वर उचलायचा व्यायाम होता. भाऊजींचा एकही चेंडू हलेना. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी होते. त्यांचे दोन चेंडू उचलले जायचे आणि ते मोठ्याने जाहीर करायचे. ते ऐकून भाऊजींचे डोळे बारीक झाले. मी ओळखलं, स्वारी चिडली. चिडली म्हणजे जगली! आठवड्याच्या शेवटी तिसरा चेंडू टोपणाला आपटला तेव्हा ताप उतरलेला होता. शिंपीआजोबा म्हणाले, "तीन? मला आता नवीन चष्मा लावून मोजायला हवं."

त्यानंतर रंगीत द्रव गिळायची परीक्षा. एक्स-रेच्या पडद्यासमोर उभं राहून एक घोट घ्यायचा. शिवण धरली असेल तर द्रव सरळ खाली जाईल, नसेल तर बाजूला झिरपेल. भाऊजींनी घोट घेतला. पडद्यावर काळी बारीक धार उतरत गेली, जोडापाशी पोचली, आणि तिथून सरळ खाली सरकली. कुठेही न सांडता. तंत्रज्ञ म्हणाला, "छान." एवढंच. पण ताईने टाळ्या वाजवल्या, आणि मग त्या खोलीतल्या सगळ्यांनीच वाजवल्या.

अहवालात काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे मागे काही उरलं नव्हतं. एकाच ग्रंथीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या. म्हणून उरलेला केमो झाला, कुरकुर करत, पण झाला. पाच वर्षं लक्ष ठेवावं लागेल, सर्जननी स्पष्ट सांगितलं. ताईने ते ऐकून मान हलवली आणि तो विषय घरात रोज काढायचा नाही असं ठरवून टाकलं.

नवीन पोटाबरोबर संसार करायला दोघांना वेळ लागला. थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा, सावकाश चावून. खाल्ल्यावर आडवं व्हायचं नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू विटांवर चढवली, तर पहिले काही दिवस भाऊजी घसरत घसरत पायथ्याशी पोचायचे. एकदा त्यांनी लपून केकचा मोठा तुकडा खाल्ला. लगेच दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ. ताईने घाबरून रुग्णालयात फोन लावला. तिकडून समजलं की गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरला की असं होतं, जीवाला धोका नाही. फोन ठेवून ताईने जे सुनावलं त्याने मात्र जीवाला धोका होता.

आणि मग, पुढच्या वर्षी, डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली. आधी हलकी कामं, मग तपासणी, मग क्रेन. लिफ्ट एव्हाना खरोखरच दुरुस्त झाली होती. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं आणि शिडी धरली. मी खाली श्वास रोखून. मधल्या फलाटावर दोनदा थांबले, हात हलवला, पुन्हा निघाले. केबिनचं दार लागल्याचा आवाज खालपर्यंत आला.

त्या दिवशी नव्या फेरीबोटीवर कप्तानाची अख्खी केबिन चढवायची होती. बोटीचे मालक कडक सूट घालून आले होते. सगळं यार्ड कामाचं निमित्त करून धक्क्यावर जमलं होतं. वेल्डर बोटीवर तयार उभा, केबिन बसली की तो जोडणार. मी सांगत गेलो, ती तरंगत आली. वाऱ्याने जरा झुलली, थांबली. डावीकडे. सोडा. अजून वीतभर. पायाच्या खाचांत ती टेकली तेव्हा साधा टक् असा आवाज झाला. धक्का दणाणून गेला. लोकांनी हेल्मेटं हवेत उडवली, मालकांनी माझाच हात धरून हलवला.

"आता लगेच पुढचा भाग उचला," ते उत्साहाने म्हणाले. "वेळ कशाला घालवायचा!"

मी वॉकीटॉकीत विचारलं, "भाऊजी, पुढचा घ्यायचा का लगेच?"

थोडी खरखर झाली. मग वरून, तोंडात घास असल्यासारखा, अगदी निवांत आवाज आला.

"मालकांना सांग, थांबा जरा. चावतोय."